ह. मु. धुळे

"पत्रिका प्रेसला द्यायची आहे. पत्ता काय टाकू?" नानांनी फोनवर विचारलं तेव्हा मला वाटलं, थट्टा करताहेत. नाना माझे मावसभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, जन्मल्यापासून एकाच घरात राहिलेले. अशा माणसानं आपलाच पत्ता दुसऱ्याला विचारावा? पण पेच खरा होता. घरातल्या आजवरच्या प्रत्येक पत्रिकेवर 'मु. पो. वलवाडी, ता. जि. धुळे' असं छापलं गेलं. 2018 साली धुळे महापालिकेची हद्दवाढ झाली. वलवाडी, महिंदळे, नकाणे, अवधान, चितोड, वरखेडी अशी भोवतालची गावं शहरात आली, त्यांच्या ग्रामपंचायती गेल्या. आता धाकटीचं लग्न. व्याह्यांना पत्ता शहराचा हवा आणि मावशी 'मु. पो.' सोडायला तयार नाही. "तू लिहितोस ना पेपरात? मग तूच सांग," नाना म्हणाले.

येतोच म्हणालो. खानदेशचं जुनं गॅझेटियर उशाशी घेऊन झोपणाऱ्याला एवढं निमित्त पुष्कळ झालं.

पुण्याहून धुळ्याला रात्रीची बस सरळ जाते. मी मुद्दाम वाकडी वाट धरली आणि आधी जळगावला उतरलो. हद्दवाढीत गेलेलं गाव काही दशकांनी कसं दिसतं ते पाहायचं होतं. स्टेशनजवळच्या लॉजवर 'चोवीस तास गरम पाणी' अशी पाटी होती. गिझर चोवीस तास चालू होता हे खरं, पाणी मात्र नळाच्या मर्जीवर. खाली मंगल कार्यालय. बँडवाल्यांनी रात्री साडेअकरापर्यंत एकच गाणं तीनदा वाजवलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी चुकले. महापालिकेची प्रसिद्ध सतरा मजली इमारत सकाळी खालून वर पाहिली, मान दुखली, रिक्षा पकडली.

पिंप्राळा. एके काळचं शेजारचं गाव, आज जळगावचं उपनगर. मेहरूणचंही तसंच. फ्लॅट, मेडिकल, मोबाइलची दुकानं. गाव कुठं संपलं आणि शहर कुठं सुरू झालं, शोधून सापडत नाही. पण रथ आहे. जळगावचा श्रीरामाचा रथ निघतो कार्तिकी एकादशीला, 1872 पासून. पिंप्राळ्याचा रथ निघतो आषाढीला. महापालिका एक, पाणीपट्टी एक, रथ दोन. देवळाच्या ओट्यावर एक आजोबा ऊन खात बसले होते. रथाच्या चाकाखाली लाकडी मोगरी सारून त्याला वळण देणाऱ्यांपैकी ते. अजस्र रथ चालत असताना चाकाशी वाकायचं आणि हात वेळेत मागे घ्यायचा, हे त्यांनी चपलेची मोगरी करून मला दाखवलं. विचारलं, "जळगावच्या रथालाही मोगरी लावता का?" म्हणाले, "त्यांचे लोक आहेत ना. आम्ही दर्शनाला जातो." त्यांच्या वाक्यात जळगाव अजून दुसरं गाव होतं.

दुपारी एसटी. एरंडोल, पारोळा. पारोळ्याचा किल्ला खिडकीतूनच. दोन्ही बाजूंना वेचून झालेला कापूस, बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग. याच पऱ्हाट्यांवर वांगी भाजून केलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी जळगावात खाल्ली होती. त्या गुंगीत जिल्ह्याची हद्द कधी ओलांडली कळलं नाही. तशी ती कळावी असंही काही नाही. 1906 पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, कारभार धुळ्याहून. मग तो इंग्रजांना एका कचेरीतून आवरेना. पूर्व खानदेश जळगावला गेला, पश्चिम धुळ्याला राहिला. 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघालं. म्हणजे वर जिल्हे फुटत चालले आहेत आणि खाली शहरं गावांना पोटात घेताहेत. शंभर वर्षं हा उलटा व्यवहार चालू आहे.

धुळ्याला पेठेतल्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. सरळ, समांतर, काटकोनात कापलेल्या. लहानपणी मावशीबरोबर बाजाराला आलो की या गल्ल्यांत हरवायची सोय नव्हती, याचं मला वाईट वाटे. आता मात्र मी त्यांच्याकडे गॅझेटियरच्या चष्म्यातून पाहतो. 1803 च्या दुष्काळात धुळं ओस पडलं होतं. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या बाळाजी बळवंतांनी ते पुन्हा वसवलं. 1818 मध्ये पेशवाई गेली आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जनं खानदेशच्या कारभारासाठी नेमकं हे गाव निवडलं. 1819 ची मोजदाद सांगते: घरं 401, माणसं 2,509. आजच्या एखाद्या कॉलनीएवढीसुद्धा नाहीत. ब्रिग्जनं काय केलं? लांबून कारागीर आणले. व्यापाऱ्यांना सांगितलं, या, घर बांधा, जागेचा सारा कायमचा माफ. बांधायला पैसे नसतील तर उचल घ्या. मग जुन्या गावाशेजारी पेठ उभी राहिली.

ब्रिग्जचं नाव धुळ्यात फारसं कोणी घेत नाही. राजवाडे संशोधन मंडळात गेलो होतो. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला याच गावात गेले आणि दहा दिवसांच्या आत, 9 जानेवारीला, धुळेकरांनी मंडळ स्थापलं. तिथून बाहेर पडताना एका निवृत्त मास्तरांची गाठ पडली. त्यांनी दोन पुस्तिका लिहिल्या आहेत, म्हणून स्थानिक इतिहासकार. चहा घेता घेता ते सहज म्हणाले, "हे शहर विश्वेश्वरय्यांनी आखलेलं."

हे वाक्य मी धुळ्यात शंभरदा ऐकलं आहे. या वेळी राहवलं नाही. म्हटलं, "सर, विश्वेश्वरय्यांचा जन्म 1861 चा. पेठ त्याआधी चाळीस वर्षं."

"मग ते धुळ्यात आलेच नाहीत म्हणता?"

"आले ना. 1884 साली नोकरीला लागले, पहिली काही वर्षं नाशिक-खानदेशातच. दातर्तीला पांझरा नदीच्या पाटावर नळांचा सायफन त्यांनी बांधला. पावसाळ्यात काम नको म्हणून वरिष्ठांना लिहिलं, खरमरीत उत्तर आलं, मग त्याच पावसात पुरं करून दाखवलं. एवढी चांगली खरी गोष्ट असताना त्यांच्यावर गल्ल्या कशाला लादायच्या?"

मास्तरांनी बशी खाली ठेवली. "गल्ल्या इंग्रजानं आखल्या म्हटलं तर पोरांना सांगायला काय उरतं?" मी गप्प बसलो. चहाचे पैसे त्यांनी दिले, त्यामुळे वाद तेच जिंकले असं धरायला हरकत नाही.

त्यांचा एक मुद्दा मात्र डोक्यात राहिला: पाण्याचं बोला, गल्ल्यांचं सोडा. ब्रिग्ज आला तेव्हा धुळं नदी आणि पाट यांच्या बेचक्यात, बागायतीच्या वेढ्यात होतं. ती बागायत फडाची. पांझरेवर ओळीनं बंधारे, प्रत्येक बंधाऱ्याचा पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, यंदा ऊस असेल तर सगळ्यांचा ऊस, पुढल्या साली फेरपालट. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तोटाही सगळ्यांत वाटला जाई. ही व्यवस्था तीन-चारशे वर्षांची. इथं कोण आत आणि कोण बाहेर हे पाट जिथवर पोचतो त्यावरून ठरे. माझ्या मते खानदेशात इतकी चोख हद्द दुसऱ्या कुणी आखली नाही.

लळिंगचा किल्ला ठरला होता. गेलो नाही. एकवीरा देवीला रस्त्यावरूनच हात जोडले आणि लहान पुलावर उभा राहिलो. डिसेंबरची पांझरा म्हणजे दगडांतून चार धारा. पलीकडे देवपूर, त्याच्या पुढं वलवाडी. देवपूरही एके काळी नदीपलीकडचं निराळं होतं. शाळा-कॉलेजं तिकडं झाली, बंगले झाले, मग जागा महाग झाली आणि नोकरदार माणूस आणखी पुढं, वलवाडीच्या शिवारात प्लॉट घेऊन राहिला. प्लॉट स्वस्त, ग्रामपंचायतीची घरपट्टी हलकी, मुलांची शाळा शहरात, दवाखाना शहरात. ब्रिग्जनं सारा माफ करून माणसं गावात बोलावली. दोनशे वर्षांनी कमी कराच्या शोधात माणसं बाहेर गेली, आणि मग शहर त्यांच्या मागोमाग निघालं. पावणेचार लाखांच्या, जकात गेलेल्या, सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसणाऱ्या महापालिकेनं दुसरं काय करावं? मला तिचाही राग येत नाही.

सगळीकडे हेच. कल्याण-डोंबिवलीची 27 गावं 1983 मध्ये आत गेली, 2002 मध्ये बाहेर आली, 2015 मध्ये पुन्हा आत. अमेरिकेतल्या सेंट लुईसनं 1876 मध्ये उलटं केलं. भोवतालच्या काउंटीचा भार नको म्हणून श्रीमंत शहर तिच्यापासून वेगळं झालं. मग माणसं त्याच काउंटीत राहायला गेली. 1950 ला साडेआठ लाखांचं शहर आज तीन लाखांच्या आत-बाहेर आहे, आणि पुन्हा एक व्हावं का यावर तिथं अजून भांडतात. लुईव्हिल नावाचं शहर मात्र आपल्या काउंटीत 2003 च्या जानेवारीत विलीन झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये जळगावची महापालिका झाली, जूनमध्ये धुळ्याची. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण मला तो आवडतो.

वलवाडीला पोचलो तेव्हा मावशी ओट्यावर लसूण सोलत होती. नव्वदीला टेकली आहे. म्हटलं, "मावशी, शहरात आलीस म्हणे."

"गाव शहरमा गयं, पोऱ्या," ती अहिराणीत म्हणाली. "आमी आठेच शेतस." म्हणजे, आम्ही इथंच आहोत.

रात्री शेवभाजी झाली आणि नानांनी हिशेब मांडला. घरपट्टी एकदम न वाढवता टप्प्यांनी वाढवायची तरतूद कायद्यात आहे, त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांचं म्हणणं शेतमजुरांचं होतं. रोजगार हमीचं काम गावाला मिळतं, शहराला नाही. हद्दीची रेघ पडली की त्याच बाईच्या, त्याच शेतातल्या हक्काची तऱ्हा बदलते. आणि ग्रामसभा गेली. "तिथं फार काही व्हायचं असं नाही," नाना म्हणाले. "चहा व्हायचा, भांडणं व्हायची. पण सरपंचाला तोंडावर बोलता यायचं." सून आतून म्हणाली, "तुम्ही बोलत होता. आम्हा बायांना कोण विचारत होतं?" नानांनी भाजी वाढून घेतली.

सकाळी पत्रिकेचं प्रूफ घेऊन आम्ही दोघं पेठेत प्रेसवर गेलो. मी बसमध्ये तीन मसुदे केले होते, त्यात एक 'वलवाडी शिवार, देवपूर, धुळे' असा होता. प्रेसवाल्यानं तिन्ही वाचले, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "आबा, पुण्या-मुंबईला गेलेली माणसं कसं टाकतात? तसंच टाकून देऊ." त्यानं प्रूफावर लिहिलं:

मु. पो. वलवाडी, ता. जि. धुळे. ह. मु. धुळे.

नानांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. जन्मात कधी घर न बदललेल्या माणसाचा तो हल्ली मुक्काम. "मावशीला दाखवू का आधी?" मी विचारलं.

"नको," नाना म्हणाले. "तिला 'मु. पो.' दिसेल, व्याह्यांना 'ह. मु.' दिसेल. पाचशे छाप."