चार शिंगांचा डबा

आमच्या जळगावच्या घरात चार शिंगांचा एक डबा आहे. मुलं त्याला राउटर म्हणतात. दिवाणखान्यात शोभत नाही म्हणून सौ.नी तो लोखंडी कपाटामागे सारला आहे.

मे महिन्यात धुळ्याहून नाना, म्हणजे माझे वडील, राहायला आले आणि डबा रडतखडत चालू लागला. चिरंजीवांनी निदान केले, "बाबा, आजोबांचा जुना फोन सगळ्यांना मागे ओढतोय. त्यांना नेटवरून काढा!"

आता मी पडलो बँकेतला कारकून. 'अमक्याला रांगेतून काढा' असे कुणी म्हटले की मी आधी नियम विचारतो. तेव्हा वाचायला बसलो.

नियम मोठा सभ्य निघाला. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे. बोलण्याआधी कान द्यायचा. कुणी बोलत असेल तर थांबायचे. शांतता झाली तरी लगेच तोंड उघडायचे नाही, मनाशी एक आकडा धरून तेवढा वेळ दम धरायचा. समोरून पावती आली नाही तर टक्कर झाली असे समजायचे आणि पुढच्या खेपेला दुपटीपर्यंत थांबायची तयारी ठेवायची. 1971 साली हवाई बेटांवर 'अलोहानेट' नावाचे बिनतारी जाळे सुरू झाले, त्यात ही ऐकण्याची भानगडच नव्हती. ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा बोलावे! हिशेब केला तर त्या पद्धतीत शंभरातला जास्तीत जास्त अठरा भाग वेळ सत्कारणी लागतो. आमच्या घरची जेवणे याच पद्धतीने चालतात.

पण चिरंजीवही अगदी चूक नव्हते. पाळी सर्वांना सारखी मिळते खरी. मात्र मंद फोन तेवढ्याच मजकुराला जास्त वेळ खातो आणि बाकीचे ताटकळतात. काउंटरवर एखादे आजोबा सावकाश सही करतात, तेव्हा मागची रांग जशी उसासे टाकते तसेच.

मग ही चार शिंगे कशाला? तर लहरी भिंतींवर आपटून नाना वाटांनी येतात, ही पूर्वी डोकेदुखी समजली जाई. अनेक अँटेना लावल्या तर त्याच वाटांनी एकाच वेळी वेगवेगळा मजकूर पाठवता येतो, हे आरोग्यस्वामी पॉलराज यांनी ओळखले. गृहस्थ आपल्या नौदलातले, खडकवासल्याच्या एनडीएत घडलेले. 1992 साली अमेरिकेत त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला तो थॉमस कैलाथ यांच्यासह. आणि कैलाथांचा जन्म पुण्याचा! 2009 च्या वाय-फाय मानकात ही युक्ती आली. फक्त समोरच्या फोनलाही तशी शिंगे हवीत. नानांच्या फोनला एकच.

रात्री शेवभाजी वाढली गेली. नाना म्हणाले, "मी काय म्हणतो..." आणि थांबले. नाना घास आणि शब्द दोन्ही चावून घेतात. ती शांतता पाहून सौ. भाजीच्या तिखटावर बोलू लागल्या, चिरंजीव क्रिकेटवर, मी बँकेवर. माझ्या एकदम लक्षात आले, की चार दिवसांत नानांचे वाक्य 'मी काय म्हणतो'च्या पुढे गेलेलेच नाही.

मी हात वर केला. "सगळे गप्प! नाना, बोला."

बराच वेळ नुसता कूलर घरघरत होता.

"मी काय म्हणतो... मी उद्या जातो धुळ्याला. माझ्या फोनापायी पोरांचा खोळंबा होतो."

कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. चिरंजीव ताटात बघू लागले. मी काही बोलणार, तोच मला नियम आठवला. थांबलो.

"आणि तो डबा कपाटामागून काढा. लोखंडाआड लहर अडते. चार दिवस सांगतोय."

नानांची सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, हे आम्ही पार विसरलो होतो!

डबा कपाटाच्या डोक्यावर चढला आणि नानांच्या फोनासकट सगळे फोन सुधारले. डबा चढवला चिरंजीवांनी. मग ते आजोबांजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "उद्या जाऊ नका ना!"

नाना म्हणाले, "मी काय म्हणतो..."

यंदा जून लागला तरी ते वाक्य चालूच आहे. आम्ही ऐकतो आहोत.