शेरा लिहिण्याआधी बोला

प्रतिवेदन अधिकारी महोदय,



मार्च संपला की हाताखालच्या माणसांचे कार्यमूल्यमापन अहवाल तुमच्यापुढे येतात. स्वयंमूल्यमापन त्यांनी भरलेले असते. शेरा आणि प्रत तुम्ही लिहायची. त्या दोन ओळींवर कुणाची पदोन्नती अडते, म्हणून हे पत्र.

सीमा सडक संघटनेतील कार्यकारी अभियंता देव दत्त यांचे प्रकरण तुम्हाला ठाऊक असेल. अधीक्षक अभियंता होण्यासाठी पाचही वर्षांची प्रत 'अतिशय चांगली' लागत होती. १९९३-९४ मध्ये त्यांना 'चांगली' मिळाली. शेरा प्रतिकूल नाही म्हणून तो त्यांना कळवलाच नाही आणि त्याच 'चांगल्या'ने त्यांची पदोन्नती अडवली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला, की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, वाजवी मुदतीत कळवलीच पाहिजे. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते.

निकालामुळे कर्मचाऱ्याला अभिवेदन करता येते, हे मोठेच काम झाले. पण वर्ष सरल्यावर कळलेल्या चुकीने त्या वर्षाचे काम सुधारत नाही. ते सुधारणे तुमच्याच हाती असते, आणि तेही वर्ष चालू असताना.

एखाद्या लिपिकाविषयीचा 'कामात दिरंगाई' असा शेरा घ्या. कुठल्या कामात, किती, कशामुळे, यातले काहीच त्यातून कळत नाही. त्याऐवजी ऑगस्टमध्येच आवक नोंदवही उघडून त्या लिपिकाला शेजारी बसवा. जुलैतले अर्ज का पडून आहेत, ते विचारा. कदाचित तो सांगेल, की भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी नकाशा आलेला नाही आणि त्याविना टिप्पणी सादर होत नाही. मग त्या कार्यालयाला स्मरणपत्र तुमच्या सहीने जायला हवे. नकाशा येऊनही नस्ती हललेली नसेल, तर तेही तिथेच स्पष्ट सांगा, मुदत ठरवून द्या आणि त्या तारखेला पुन्हा विचारा. हे चारचौघांत नको, दालनात बोला. थेट ज्ञापन दिले की माणूस चूक दुरुस्त करण्याऐवजी खुलासा लिहीत बसतो.

कटुता नको म्हणून सगळ्यांना सरसकट उत्तम प्रत देणारे अधिकारीही आहेत. त्यात मन लावून काम करणाऱ्यावर अन्याय होतो आणि चुकणाऱ्याला आपण चुकतो हेच कळत नाही.

माझी विनंती एवढीच. दर महिन्याला प्रत्येकाशी थोडा वेळ त्याच्या कामाविषयी बोला. चांगले झालेले आधी सांगा, राहिलेले नेमके सांगा आणि तारीख टिपून ठेवा. वर्षअखेरीच्या अहवालात त्या माणसाला नवे वाटेल असे एकही वाक्य नसावे. तसे वाक्य लिहायची वेळ आली, तर ते आधी सांगायचे राहिले, ही तुमच्या देखरेखीतली उणीव समजा.



आपला,
एक निवृत्त कर्मचारी