हळदीची साक्ष

हातातील मूठ हलविली की पडद्यावरचा खेळाडू हलतो. या युक्तीच्या पेटंटावरून परदेशी कंपन्या न्यायालयात गेल्या, याचे मुलांना नवल वाटते. परंतु १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचेच पेटंट दिले गेले होते! आमच्या गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने लढा दिला व १९९७ साली ते रद्द झाले. पेडणे-डिचोलीतील आज्यांचा अनुभव तेथे पुरावा ठरत नव्हता. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक छापील लेख कामी आला. घरी कोकणी बोलणाऱ्या आम्हांस हे बोचते. आमच्या आजीची झाडपाल्याची विद्या तिच्याबरोबरच गेली. बालमित्रांनो, तुमची आजी सांगते आहे तोवर लिहून घ्या.