ओके दाबण्याआधी...

'झोनिंग' हा विषय आम्हाला वर्गात बरोबर बारा मिनिटं शिकवला गेला. ईएमसीच्या 'इन्फर्मेशन स्टोअरेज अँड मॅनेजमेंट' या जाडजूड पुस्तकातली एक आकृती, झोनिंगचे तीन प्रकार, आणि वर "चार मार्कांना येतं, लिहून ठेवा" अशी सूचना. मी लिहून ठेवलं. पेपरात आलं. चारपैकी साडेतीन मिळाले असावेत असा माझा अंदाज आहे. त्यानंतर पाचच महिन्यांनी लक्षात आलं की मला त्यातलं ओ की ठो कळलेलं नव्हतं.

आमच्या डिपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर एक छोटी लॅब आहे. एका कंपनीने आपला जुना झालेला माल कॉलेजला दिला, त्यातून ती उभी राहिली. १६ पोर्टांचा एक फायबर चॅनल स्विच, १२ डिस्कांचा एक स्टोअरेज अ‍ॅरे आणि तीन सर्व्हर. या सगळ्याचं मिळून जे होतं त्याला स्टोअरेज एरिया नेटवर्क म्हणजे 'सॅन' म्हणतात. कल्पना सोपी आहे. डिस्क सर्व्हरच्या डब्यात न ठेवता सगळ्या एका अ‍ॅरेत ठेवायच्या, त्यांची मोट बांधून हवे तेवढे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा एकेका सर्व्हरला द्यायचा. या तुकड्याला 'लन' म्हणतात. सर्व्हरला मात्र तो तुकडा वगैरे वाटत नाही, आपल्याच पोटातली हार्डडिस्क वाटते. मधला सगळा स्विच आणि केबलचा खटाटोप त्याच्या गावीही नसतो.

सगळी मेख इथेच आहे.

डिस्कशी बोलण्याची जी भाषा सर्व्हर वापरतो ती 'स्कझी', आणि ती त्या काळातली आहे जेव्हा डिस्क डब्यातच असायची. डब्यातली डिस्क म्हणजे माझीच, दुसरा कोण येणार इथे? १९९४ साली फायबर चॅनलचं स्टँडर्ड आलं आणि हीच भाषा काचेच्या तारेवरून नेटवर्कवर बोलता यायला लागली. डिस्क खोलीबाहेर गेली, पण सर्व्हरचा स्वभाव काही बदलला नाही. तो अजून एकुलत्या एका मुलासारखाच वागतो. समोर दिसेल ते ताट माझं! (आमच्या मेसमध्ये असे दोघेतिघे आहेत, नावं सांगत नाही.)

तर आमच्या लॅबमध्ये झोनिंग नव्हतं. स्विच चालू केला, केबली लावल्या, सगळ्या सर्व्हरना सगळं दिसायला लागलं, सगळे खूश. अ‍ॅरेवर कुठला लन कुणाला दाखवायचा हे ठरवता येतं, त्याला 'लन मास्किंग' म्हणतात. तेही कुणी केलं नव्हतं. "तीनच तर सर्व्हर आहेत," असं सर म्हणाले होते, आणि आम्हालाही ते पटलं होतं.

त्या तीनपैकी एका लिनक्स सर्व्हरवर मेकॅनिकलच्या एम.ई.ची एक ताई तिची रीडिंग्ज ठेवायची. तिचा प्रोजेक्ट बेअरिंगवर होता. बेअरिंगवर लोड टाकून ते मोडेपर्यंत फिरवायचं, आणि त्याची थरथर सेन्सरने सतत नोंदवत राहायची. दिवसरात्र. एक बेअरिंग तर १९ दिवस चाललं होतं. पी.जी.च्या मुलींना वर्कशॉपमध्ये रात्री थांबायची परवानगी मिळेना म्हणून तिने रेक्टर मॅडमपासून एचओडींपर्यंत किती अर्ज केले, ते अर्ध्या कॉलेजला माहीत आहे. डिसेंबरपर्यंतचा डेटा तिने एक्स्टर्नल डिस्कवर उतरवून ठेवला होता. शेवटच्या दोन बेअरिंगचा राहिला होता.

आता माझी करामत. आमच्याकडे गुरुवारी दिवसभर लाइट जाते, त्यामुळे बुधवारी रात्रीच लॅब बंद केली होती. शुक्रवारी सकाळी साडेआठला मी एकटाच पोचलो. लॅबच्या काकांनी कुलूप उघडून दिलं आणि ते चहाला गेले. मी अ‍ॅरे चालू केला, स्विच चालू केला आणि माझा विंडोज सर्व्हर चालू केला. आमच्या बी.ई. प्रोजेक्टसाठी सरांनी आदल्या दिवशी अ‍ॅरेवर २०० जीबीचा नवा लन करायला सांगितला होता, म्हणजे खरं तर बुधवारी. तो मीच केला होता. लिनक्स सर्व्हर अजून बंद होता.

डिस्क मॅनेजमेंट उघडलं. एक चौकट आली. ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल: डिस्क वापरण्याआधी ती 'इनिशियलाइझ' करावी लागेल. खाली यादी: डिस्क १, डिस्क २. दोन्हींपुढे आधीच बरोबरची खूण. त्या चौकटीत डिस्कचा आकार लिहिलेला नसतो, कुणाची आहे हे तर नसतंच. नुसते आकडे. मी जीपीटी निवडलं आणि ओके दाबलं.

चौकट गेली आणि मागची स्क्रीन दिसली. डिस्क १, २०० जीबी. डिस्क २, ५०० जीबी.

मी ५०० जीबीचा लन कधी केलाच नव्हता.

पुढची दोन मिनिटं मी काय केलं ते प्रामाणिकपणे लिहितो, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मी आधी स्विचमधून माझ्या सर्व्हरची केबल उपटली. इथवर ठीक. मग मी दाराकडे बघितलं. काका आलेले नव्हते. मनात आलं की सर्व्हर बंद करावा, केबल होती तशी लावावी आणि होस्टेलवर जाऊन झोपावं. दुपारी ताई येईल, लिनक्स चालू करेल, डिस्क माउंट होणार नाही. सगळे म्हणतील, जुना माल, गुरुवारची लाइट, गेली डिस्क. कुणी माझं नाव घेतलं नसतं. विंडोजच्या लॉगमध्ये बघायचं कुणाला सुचलंही नसतं. 'डिस्क खराब झाली' हे वाक्य आपल्या कॉलेजात इतकं चालतं की त्यावर कुणी प्रश्नच विचारत नाही.

काका चहाचा कप घेऊन आत आले. "काय रे, चेहरा का उतरलाय?"

मी सांगून टाकलं. त्यांना लन-बिन काही कळत नाही, पण "त्या बेअरिंगवाल्या मुलीचं का?" एवढंच विचारलं आणि स्वतःच्या फोनवरून सरांना फोन लावून माझ्या हातात दिला.

सर पंधरा मिनिटांत आले. ताई त्यांच्याआधी आली होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसून एवढंच म्हणाली, "अरे, बेअरिंग एकदाच मरतं. परत कुठून आणू?"

सरांनी मला दोनच प्रश्न विचारले. फॉरमॅट केलंस का? नाही. लिनक्स चालू केलास का? नाही. "मग हात लावू नका कुणी." आधी त्यांनी अ‍ॅरेवर ५०० जीबीचा आणखी एक लन करून जखमी लनची जशीच्या तशी कॉपी काढायला लावली, एकेक ब्लॉक. त्याला पावणेदोन तास लागले. दुरुस्तीचे प्रयोग कॉपीवर करायचे, मूळ मालावर नाही, हे त्या पावणेदोन तासांत त्यांनी चार वेळा सांगितलं.

नेमकं काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं. ताईच्या लनवर पार्टिशन नव्हतं, अख्ख्या डिस्कवर थेट ईएक्सटी४ फाइल सिस्टिम होती. म्हणून विंडोजला ती कोरी वाटली. जीपीटी लिहिताना विंडोजने डिस्कच्या सुरुवातीच्या ३४ सेक्टरमध्ये आपली कागदपत्रं मांडली, म्हणजे साधारण १७ केबी. पाचशे जीबीमध्ये १७ केबी म्हणजे काहीच नाही. पण ईएक्सटी४चा 'सुपरब्लॉक' डिस्कच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटवर असतो आणि त्याच्या पाठोपाठ ब्लॉक-गटांची यादी असते. म्हणजे डेटा सगळा जागेवर, फक्त कुठे काय आहे हे सांगणारं पान फाडलेलं.

नशीब असं की ही फाइल सिस्टिम लिहिणाऱ्यांना आमच्यासारखी मुलं जगात असणार हे ठाऊक होतं. ४ केबीचे ब्लॉक असतील तर १२८ एमबीचा एकेक गट पडतो आणि सुपरब्लॉकच्या प्रती काही ठरावीक गटांत ठेवलेल्या असतात. पहिली प्रत ब्लॉक क्रमांक ३२७६८ वर. सरांनी तो आकडा देऊन कॉपीवर एफएससीके चालवलं. स्क्रीनवरून ओळी धावायला लागल्या. ताई उभी राहिली. मी बसलो, कारण पाय थरथरत होते. (त्याची रीडिंग्ज कुणी घेतली नाहीत.)

फोल्डर दिसले. मग फाइली. शेवटच्या बेअरिंगची फाइल उघडून ताईने ग्राफ काढला. शेवटच्या दोन तासांत थरथर वाढत गेलेली, आणि मग एकदम संपलेली. ती रेघ तिला पाठ होती. तिने बोट ठेवून दाखवलं, "हे इथे मेलं."

मला वाटलं आता आपलं काही खरं नाही. सर म्हणाले, "ओके तू दाबलंस. पण स्विच उघडा मी ठेवला होता. संध्याकाळी थांब, झोनिंग करू."

त्या संध्याकाळी चार मार्कांचा प्रश्न मी खरा शिकलो. सर्व्हरचं कार्ड स्विचला जोडलं की ते आधी स्विचकडे लॉगिन करतं. स्विच त्याला २४ बिटांचा एक पत्ता देतो. मग ते कार्ड 'नेम सर्व्हर'ला विचारतं, इथे कोणकोण आहे? झोनिंग नसेल आणि स्विच मोकळा ठेवला असेल तर नेम सर्व्हर सगळी यादी वाचून दाखवतो. (हे स्विचवर अवलंबून असतं. सिस्कोच्या एमडीएस स्विचवर झोनमध्ये नसलेल्यांना मुळातच एकमेकांशी बोलू देत नाहीत. आमचा मोकळ्या मनाचा होता.) झोन केला की नेम सर्व्हर त्या कार्डाला फक्त त्याच्या झोनमधली नावं सांगतो. नुसतं एवढंच केलं तर ते सॉफ्ट झोनिंग. म्हणजे वॉचमनने "त्या नावाचं इथे कुणी राहत नाही" म्हणायचं, पण खोली नंबर आधीच माहीत असेल तर तुम्ही जिना चढून जाऊ शकता. हार्ड झोनिंगमध्ये स्विचची चिपच प्रत्येक फ्रेम तपासते आणि झोनबाहेरची फेकून देते. जिन्यालाच कुलूप. सध्याचे स्विच हेच करतात.

झोनमध्ये कोण, हे लिहायचं कार्डाच्या वर्ल्ड वाइड नेमने. हेक्साडेसिमलमधले १६ अंक. सरांचा नियम एकच: एका झोनमध्ये सर्व्हरचं एकच कार्ड आणि समोर अ‍ॅरेचा पोर्ट. दोन सर्व्हर एका झोनमध्ये कधीच नाहीत. मला हे उगाच वाढीव काम वाटलं. "तीन सर्व्हर एकाच झोनमध्ये टाकले तर?" सर म्हणाले, "मग झोन कशाला करतोयस?" शिवाय लन मास्किंगही केलं, कारण दोन्ही सर्व्हरना अ‍ॅरेचा तोच पोर्ट दिसणार होता. झोनिंग दारापर्यंत सोडतं, आत कुठलं कपाट उघडायचं ते मास्किंग ठरवतं.

आणखी एक गंमत म्हणजे झोन लिहून सेव्ह केले तरी काहीच होत नाही. ते नुसते कागदावर असतात. पूर्ण संच 'अ‍ॅक्टिव्ह' केला की मगच लागू होतो, आणि तेव्हा आधीचा संच जातो. म्हणजे नव्या संचात एखादा झोन टाकायला विसरलात, तर त्या सर्व्हरची डिस्क चालू असतानाच गायब. सरांनी अ‍ॅक्टिव्ह करण्याआधी मला सगळे १६-१६ अंक मोठ्याने वाचायला लावले आणि ताईला स्क्रीनवर ताडून बघायला बसवलं. मी एका ठिकाणी 'बी'ला आठ वाचलं. तिने पकडलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

मार्चमध्ये माझ्या सर्व्हरचं कार्ड जळलं, दुसरं टाकलं, आणि डिस्क दिसेना. दोन तास मी केबली बदलत बसलो होतो. मग आठवलं, नवं कार्ड म्हणजे नवं नाव. झोनमध्ये अजून जुन्याचंच होतं. खोली तीच, पण वॉचमनच्या रजिस्टरमध्ये मेलेल्या माणसाची सही. पोर्टवर झोन केला असता तर हा त्रास झाला नसता, पण मग केबल चुकीच्या भोकात गेली की दुसऱ्याच्याच डिस्कवर पोचायचं. सरांना विचारलं, कुठलं बरं? म्हणाले, "तुझ्यासारखी मुलं केबली उपटतात, तोवर नावावरचंच बरं."

ताईचा व्हायवा झाला. स्विचजवळच्या भिंतीवर झोनची यादी चिकटवली आहे, तिच्याच अक्षरात. तिच्या सर्व्हरच्या झोनला तिने 'बेअरिंग' नाव दिलंय, आणि माझ्या झोनच्या नावापुढे कंसात लिहिलंय: "ओके दाबण्याआधी आकार बघणे." नव्या बॅचची मुलं ते वाचून विचारतात, हे काय आहे? काका सांगतात. जरा मीठमसाला लावूनच सांगतात.