पिवळ्या लाकडाचे धनुष्य

हत्यारांच्या दुकानात कानशीकडे सहसा कोणी कौतुकाने पाहत नाही. रंध्याला रुबाब आहे, करवतीला आवाज आहे. कानस मात्र तेलकट कागदात गुंडाळून कोपऱ्यात पडलेली असते. आमचे उभे आयुष्य मुंबईच्या एका कारखान्यात, शेगड्यापुढे उभे राहून गेले. तेथे आमची कानस लोखंडावरच चालली. निवृत्तीनंतर लेकीकडे अमेरिकेतील मिसूरी राज्यात काही महिने राहण्याचा योग आला, तेव्हा ती प्रथमच धनुष्याच्या लाकडावर चालली.

शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी ओसेज ऑरेंज नावाच्या झाडाची एक फाक कित्येक वर्षे वाळवून ठेवली होती. हे झाड आपल्या फणसाच्या आणि तुतीच्या कुळातले. गाभाही फणसासारखाच पिवळा. फ्रेंचांनी त्याला नावच मुळी ‘धनुष्याचे लाकूड’ असे दिले. काटेरी तार येण्यापूर्वी तेथील शेतकरी या झाडांची कुंपणे लावीत. ही फाक गृहस्थांच्या मुलाने फोडली होती. तो मुलगा आता हयात नव्हता आणि वृद्धांचे हात कापू लागले होते. “नातवासाठी याचे धनुष्य व्हावे. हत्यारे तुम्ही निवडा, मी शेजारी बसतो,” असे ते म्हणाले. फाक एकच होती. दुसरी मिळणार नव्हती.

धनुष्य वाकते तेव्हा त्याची लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. पाठीवर लाकडाचे एकच वर्षवलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राहावे लागते. ते तुटले तर लाकूड तेथूनच उकलण्याचा धोका असतो. म्हणून पाठीला कानस लावायची नाही. तेथे दोन मुठींचा सुरा आणि खरवडण्याची पोलादी पट्टी. कानशीचे राज्य पोटावर आणि कडांवर.

दुसरी गोष्ट गणिताची. लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी 10 टक्के घटली, तर ताठपणा सुमारे 27 टक्के घटतो. रुंदी तितकीच घटली, तर केवळ 10 टक्के. त्यामुळे आरंभी जे हत्यार हात वाचवते, तेच शेवटी घात करू शकते.

नातू कॉलेजात जाणारा. त्याचे म्हणणे, यंत्राच्या पट्ट्याने तासाभरात काम उरकेल. वृद्ध आमच्याकडे पाहू लागले. आम्ही म्हणालो, “बाळा, यंत्र किती काढते ते डोळ्यांना दिसण्याआधीच निघून गेलेले असते.”

मग आम्ही कानशी मांडल्या. पहिली, घोड्याचे खूर घासण्याची लांबरुंद दातेरी कानस. खुराला बोथट झालेली अशी कानस लाकडाला अजून भरपूर चालते, आणि नालबंदाकडे ती स्वस्तात मिळते. दुसरी, अर्धगोल आणि बारीक दातांची. हाताने दात उठवलेली कानस महाग खरी. परंतु तिचे दात एका ओळीत नसल्याने लाकडावर खोल चरे पडत नाहीत. तिसरी, साधी गुळगुळीत कानस, आधीचे ओरखडे पुसण्यासाठी. चौथी, उंदराच्या शेपटासारखी गोल, दोरीच्या खाचांसाठी. त्यांतील एकीवर भारताचे नाव कोरलेले दिसले. आपल्या रत्नागिरीत आणि चिपळुणातही कानशींचे कारखाने आहेत, हे सांगताच वृद्धांनी ती हातात घेऊन निरखली.

लाकूड थोडे काढायचे, धनुष्य तीसेक वेळा हलकेच वाकवायचे, आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते पाहायचे. जेथे ताठ, तेथेच पेन्सिलीची खूण आणि तेथेच कानस. जेथे जास्त वाकते, त्या जागेला हातही लावायचा नाही. कानस पुढे ढकलतानाच कापते, म्हणून मागे आणताना उचलायची. जसजशी वाकण्याची मर्यादा वाढली, तसतशी आम्ही दातेरी कानस दूर ठेवली. अखेरच्या आठवड्यात केवळ गुळगुळीत कानस आणि खरवडपट्टी उरली. नातवाने आता घाईचा विषय काढला नाही. पिवळा भुसा किती पडतो याकडेच त्याचे लक्ष असे.

धनुष्य प्रथम पूर्ण ताणले गेले, तेव्हा वृद्धांनी श्वास रोखला होता. लाकडाने आवाज केला नाही. दोरी उतरवल्यावर त्यांनी आपला कापरा तळवा पोटावरून सावकाश फिरवला आणि मुलाचे नाव घेतले.

आम्ही निघालो त्या दिवशी ते नातवाला कानशीचे दात तारेच्या ब्रशने झाडायला आणि भुसा अडकू नये म्हणून त्यांवर खडू घासायला शिकवीत होते.