परत फिरण्याची वाट

सहा वर्षांपूर्वी, जानेवारीत आई गेली. त्या सकाळी दादा पुण्याहून विमानाने निघाला होता. इंदुरात दाट धुकं. घरावरून विमानाची घरघर ऐकू आली तशी मी आईच्या कानाशी म्हटलं, "दादा आला गं." पण विमान उतरलंच नाही. ते भोपाळला नेलं. दादा टॅक्सीने पोहोचला तेव्हा आई नव्हती.

त्या वैमानिकाचं नावसुद्धा मला ठाऊक नाही, पण मनातल्या मनात त्याला फार बोल लावले. इतकं जवळ आला होता, थोडं धाडस केलं असतं तर?

यंदा दशलक्षण पर्वात दादाची मुलगी आली. ती वैमानिक व्हायला शिकते आहे. जेवणं आटोपल्यावर तिने टेबलावर एक कागद पसरला. "आत्या, हा अप्रोच चार्ट. बाहेर काही दिसत नसताना धावपट्टीपर्यंत कसं यायचं, ते यात असतं."

वरच्या भागात रेडिओचे आकडे, मधे आकाशातून दिसावा तसा नकाशा, त्याखाली बाजूने पाहिल्यासारखी उतरती रेघ. तिने आपल्या विमानतळाचंच उदाहरण घेतलं. इथली धावपट्टी ०७-२५, म्हणजे एका बाजूने साधारण ७० अंशांची दिशा, दुसऱ्या बाजूने २५०. चार्टावरची उंची समुद्रसपाटीपासूनची असते. आपलं विमानतळच सुमारे १,८५० फुटांवर, म्हणून चाकं टेकली तरी उंचीचा काटा शून्यावर येत नाही. जमिनीवरून येणारे रेडिओचे संकेत डावं-उजवं आणि वर-खाली सांगतात. उतार साधारण तीन अंशांचा.

"आणि हा खालचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा," ती म्हणाली. "नेहमीच्या यंत्रणेत जमिनीपासून साधारण २०० फूट. तिथवर आल्यावर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर वर जायचं. मग विचार करत बसायचं नाही."

"वर जाऊन कुठे?"

"तेही इथेच लिहिलंय. परत फिरायची वाट आधीच ठरलेली असते."

१९३०च्या सुमारास जेपसन नावाचा अमेरिकन वैमानिक वाटेतल्या टेकड्या, टाक्या, उंची स्वतःच्या वहीत टिपून ठेवायचा. त्याचे सोबती अपघातांत जात होते. असे चार्ट त्या वहीतून वाढले, असं तिने सांगितलं.

मी गप्प झाले. आपले मुनी महाराज चार हात पुढची जमीन पाहूनच पाऊल टाकतात. अंधार पडला की विहार थांबवतात. त्यांना कुणी भित्रं म्हणतं का? उलट आपण हात जोडतो.

क्षमावाणीच्या दिवशी घरच्यांची, शेजारणींची क्षमा मागून झाली. मग त्या अनोळखी वैमानिकाचीही मागितली. आईपाशी दादा वेळेवर पोहोचला नाही, हे सहा वर्षं उगाळत बसले. पण त्याच विमानात माझा दादा बसला होता, आणि तो सुखरूप घरी आला, हे मात्र माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.