कृष्णेच्या घाटावर चार महिने

वाईस मनुष्य जातो तो बहुधा ढोल्या गणपतीच्या दर्शनासाठीं, नाहीं तर महाबळेश्वरच्या वाटेवर घटकाभर विसावा घेण्यासाठीं. मीहि २०२२ सालच्या भाद्रपदांत तेथें गेलों तो आठ दिवसांच्या बोलीवर. माझी वडील बहीण, जिला आम्ही सारे आक्का म्हणतों, घाटाजवळच्या एका जुन्या वाड्यांत मुलासुनांसह राहते. त्या आठ दिवसांचे पुढें चार महिने झाले. कारण सांगतांना आजहि मान खालीं जाते. पण तें सांगितल्याखेरीज वाईविषयीं मला कांहीं लिहितां येणार नाहीं.

प्रथम घाटाविषयीं. वाईचे सात घाट आणि तेथें आळीपाळीनें होणारा कृष्णाबाईचा उत्सव हा वाईकरांच्या बोलण्यांतला नित्याचा विषय. या घाटांत गणपति घाट विशेष प्रशस्त. तेथील देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधविलें. यात्रेकरू समोरून मूर्तीची भव्यता पाहतात आणि परततात. मी म्हणेन, मागें जाऊन देवळाची भिंत पाहावी. ती माशासारखी निमुळती बांधली आहे, कारण पुराचा लोंढा तिच्यापाशीं दुभंगून दोहों बाजूंनीं निघून जावा. पायऱ्या रुंद आणि ऐसपैस आहेत. पण पावसाळ्यानंतर पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतें, आणि परक्या मनुष्यानें तेथें जपून पाय टाकावा. मनुष्यानें म्हणतों, कारण कुत्र्यास हें कोण सांगणार?

गणेशोत्सव नुकताच आटोपला होता. सकाळीं स्नान करून मी पायरीवर संध्येस बसलों. शेजारीं पळी-पंचपात्री, आणि केळीच्या पानांत आक्कानें गणपतीसाठीं दिलेला नैवेद्य. वर्षभराचें असेल नसेल असें एक तांबूस कुत्रें मागून आलें आणि चार हातांवर उभें राहून पाहूं लागलें. त्यानें पानास तोंड लावलें नव्हतें. लावील या भीतीनेंच मीं काठी उचलून जोरानें दगडावर आपटली. तें दचकून उसळलें, शेवाळावरून घसरलें, आणि दोन दगडांच्या फटींत त्याचा मागचा उजवा पाय अडकून शरीर तेवढें पुढें गेलें. हाड मोडल्याचा आवाज मीं स्पष्ट ऐकला.

महाभारताच्या आदिपर्वांत, पौष्यपर्वाच्या आरंभीं, सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या सत्रांत तिचें पोर सहज आलें असतां राजाच्या भावांनीं त्यास मारलें. तें रडत आईकडे गेलें. तुझा अपराध काय, असें तिनें विचारतां तें म्हणालें कीं, मीं हवीकडे पाहिलेंहि नाहीं आणि तें चाटलेंहि नाहीं. सरमेनें सत्रांत जाऊन जाब विचारला. कोणीच उत्तर दिलें नाहीं. तेव्हां तिनें अदृष्ट भयाचा शाप दिला. ही कथा मीं वर्गांत कितीदां तरी सांगितली होती आणि 'सारमेय' या शब्दाची व्युत्पत्ति मुलांकडून घोकून घेतली होती. त्या राजबंधूंच्या ओळींत आपण जाऊन बसूं, हें मात्र कधीं मनांत आलें नव्हतें.

मी उचलावयास वांकलों तोंच आळींतला एक शाळकरी मुलगा ओरडला, "आजोबा, तसा हात लावूं नका, चावेल!" त्याचें खरें होतें, वेदनेनें व्याकुळ झालेलें कुत्रें पोसणाऱ्यालाहि चावतें. पंचाची पट्टी त्याच्या तोंडाभोंवतीं सैलसर गुंडाळली, अंगाखालीं फळी सरकवली, आणि रिक्षांतून आम्ही त्यास गुरांच्या दवाखान्यांत नेलें. क्ष-किरणांचें चित्र काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, नडगी मोडली आहे. कातडी फाटली नाहीं आणि पोर लहान आहे, म्हणून जुळेल असें वाटतें. न जुळली तर पाय काढावा लागेल. तीन पायांवरहि कुत्रीं चालतात, पण तीं घरचीं. रस्त्यावरच्या कुत्र्याचें तितकें सोपें नाहीं." मीं खिशांतली माझ्या गुडघेदुखीची गोळी पुढें केली, ती त्यांनीं जवळजवळ हिसकावूनच घेतली. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यास विषासारख्या बाधूं शकतात, हें मला त्या दिवशीं कळलें. मोडलेल्या हाडाच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे प्लास्टरांत घेतले, पिसाळरोगाची प्रतिबंधक लस टोचली, आणि आम्ही परतलों.

आक्काचें सोंवळें कडक. दारांतच तिनें विचारलें, "अण्णा, हें काय आणलेंस?" मीं खरें तें सांगितलें. ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तूं मोडलास, तूंच नीट कर. पण माजघराचा उंबरा ओलांडला तर मी जेवायची नाहीं." परसांतला गाईचा गोठा बरेच दिवस रिकामा होता, तेथें पोतें अंथरून मोत्याची व्यवस्था झाली. मोत्या हें नांव मुलांनीं ठेविलें. माझें 'सारमेय' कोणाच्या तोंडीं बसलें नाहीं.

शुश्रूषा म्हणजे काय, तर बहुतेक नुसतें लक्ष ठेवणें. रोज दोनदां पायाचीं बोटें चाचपून तीं सुजलीं किंवा गार पडलीं नाहींत ना हें पाहावयाचें, आणि प्लास्टरचा वास घ्यावयाचा. बाहेर नेतांना त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधावयाची आणि परततांच सोडावयाची, नाहीं तर आंत ओल धरते. उठतांना पोटाखालून टॉवेलाची झोळी घालून मागचा भार आपण उचलावयाचा. या कामास पाणिनीचा कांहीं उपयोग होत नाहीं.

सहा आठवड्यांनीं प्लास्टर निघालें. हाड उत्तम जुळलें होतें. पण पाय वाळक्या काटकीसारखा झालेला, आणि मोत्या तो टेकावयास तयारच होईना. तीन पायांवर उड्या मारीत तो सर्वत्र फिरे. मी अगदीं हताश झालों. त्या दिवशीं आक्का प्रथमच गोठ्याशीं आली. दोन वर्षांपूर्वीं तिच्या मांडीचें हाड मोडलें होतें, शस्त्रक्रियाहि झाली होती. पण तेव्हांपासून तिनें वाड्याबाहेर पाऊल टाकलें नव्हतें. घाटावर जाणें तर दूरच. बराच वेळ त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "दुखतंय म्हणून नाहीं रे तो टेकत. दुखेल म्हणून टेकत नाहीं." डॉक्टरांनीं दुसऱ्या दिवशीं हेंच सांगितलें, फक्त जास्त शब्दांत.

उपाय दोन निघाले. पहिला, दोरीनें बांधून अतिशय सावकाश चालवणें. वेगानें जातां कुत्रें पाय उचलून धरतें, पण मंद चालींत तो टेकावाच लागतो. दुसरा उपाय कृष्णामाईचा. पाणी शरीराचा भार उचलून धरतें, म्हणून पाण्यांत चालण्याची भीति कमी वाटते. नदी आतां पूर्वीइतकी निर्मळ राहिलेली नाहीं. पण त्याच्या अंगावर जखम नव्हती, आणि परततांच आम्ही त्यास धुऊन पुसून काढीत असूं. कार्तिकांत, ऊन्ह वर आल्यावर, जेथें पाणी त्याच्या पोटाशीं लागे अशी एक पायरी मीं निवडली. मी धोतर खोंचून पुढें, मोत्या मागें. आरंभीं पांच मिनिटें, मग दहा. नवव्या कीं दहाव्या दिवशीं पाण्याखालीं चारहि पाय पडतांना दिसले. मान वर केली तों घाटाच्या माथ्यावर सुनेचा हात धरून आक्का उभी होती. ती काय म्हणाली तें येथें लिहीत नाहीं, आमच्यांतलें आहे.

मार्गशीर्षांत मी त्याला घेऊन मेणवलीपर्यंत चालत गेलों. वाईपासून हें अंतर सुमारें पाऊण कोस. तेथें नाना फडणवीसांचा वाडा आहे, आणि घाटावरच्या लहानशा देवळांत चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसईच्या स्वारींतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे. घंटेवर मेरीमाता व बालक येशू यांची आकृति असल्याचें मीं पाहत होतों तोंवर मोत्या पायऱ्या उतरून पाणी पिऊन आला. तितक्यांत मागें एका गृहस्थाची काठी खाली पडली. आवाज होतांच तो माझ्यापासून दहा हात दूर झाला, आणि बराच वेळ हांक मारली तरी आला नाहीं. मीं माझी काठी तत्पूर्वींच वाड्यांत खुंटीला टांगून ठेवली होती.

पौषाच्या आरंभीं मी निघालों. काठी अजून त्याच खुंटीला आहे. मोत्या गोठ्यांत राहतो. आक्काचा फोन आला कीं त्याची खबर असतेच. उंबरा त्यानें अद्याप ओलांडलेला नाहीं, पण थंडीच्या दिवसांत त्याचें पोतें चुलीच्या भिंतीला लागून असतें, असें सून सांगते. थंडी पडली कीं तो पाय मोत्या अजूनहि किंचित् उचलून धरतो, आणि आक्काहि आपला.